जुनी गाडी घेताय? चावी हातात घेण्याआधी पॉलिसी उघडा

गाड्यांच्या विम्याची कामं मी रोज करते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, पॉलिसी चालू आहे, मग आता काय करायचंय?"

चालू आहे, पण कोणाच्या नावावर? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १५७ नुसार मालकी बदलली की थर्ड पार्टी विमा आपसूक नव्या मालकाकडे आला असं धरतात. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली तर भरपाईची सोय आहे. तुमच्याच गाडीचा चेपलेला दरवाजा किंवा चोरी ज्यात येते, ती ओन डॅमेज, म्हणजे ओडी, मात्र अशी येत नाही. त्यासाठी तुमचा अर्ज आणि जुन्या मालकाची संमती लागते. अर्जाला १४ दिवसांची मुदत आहे, पण तोवर ओडी चालूच राहते या भरवशावर राहू नका. गाडी तुमची आणि पॉलिसी त्याची असली की क्लेम तिथेच अडकतो.

म्हणून व्यवहाराच्या दिवशीच, पैसे देण्याआधी, फॉर्म २९ आणि ३० (गाडीची मालकी बदलायचे आरटीओचे अर्ज) सोबत विमा नावावर करायचं संमतीपत्रही सही करून घ्या. पैसे मिळाल्यावर माणूस फोन उचलेलच असं नाही. विमा कंपनीला आधीच विचारा: फॉर्मच्या प्रती चालतील की तुमच्या नावाची नवी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्रच हवं? उत्तर कंपनीगणिक बदलतं. ओडी नावावर होईपर्यंत गाडी गरजेपुरतीच काढा.

आता पॉलिसीचं पहिलं पान. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते, पण ओडी बहुतेक जण एकाच वर्षाची घेतात. त्यामुळे पानावर दोन वेगळ्या तारखा असतात आणि विकणारा तुम्हाला लांबचीच दाखवतो! ओडीची तारीख उलटली असेल तर कंपनी आधी गाडीचं इन्स्पेक्शन करते. चासी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीतही हवी.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडीच्या हप्त्यात मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो जुन्या मालकाकडेच राहतो, उरलेल्या मुदतीसाठी त्या सुटीचा फरक तुम्ही भरायचा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही तुमच्या नावाने वेगळा घ्या.

विकणारा कागदांना टाळाटाळ करत असेल तर त्याला एवढंच ऐकवा: आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. सह्या लगेच मिळतात.