पेनड्राइव्हला नाव: अंगावर जे, संगणकात तेच

सातबारा, आठ-अ आणि पीकविम्याच्या पावत्या एका पेनड्राइव्हमध्ये. लग्नाचे फोटो दुसऱ्यात, कीर्तनं तिसऱ्यात, आणि लातूरला क्लासला असलेल्या पोराच्या नोट्स चौथ्यात. चारही काळे आणि चारही एकाच कंपनीचे असले की झेरॉक्सच्या दुकानात भलताच पुढे केला जातो. उपाय पाच मिनिटांचा आहे, पण तो दोन ठिकाणी करावा लागतो: पेनड्राइव्हच्या अंगावर आणि त्याच्या आत. नुसतं स्टिकर लावलं तर संगणकात चारही सारखेच दिसतात, आणि नुसतं आतलं नाव बदललं तर डब्यातून नेमका कुठला उचलायचा ते कळत नाही.

आधी एक घोळ मिटवू. पेनड्राइव्ह लावल्यावर नावापुढे कंसात ई, एफ, जी असं जे अक्षर दिसतं, ते पेनड्राइव्हचं नसतं. ते त्या संगणकाने दिलेलं असतं. घरी ‘ई’ दिसणारा पेनड्राइव्ह दुकानात ‘जी’ म्हणून दिसेल. म्हणून स्टिकरवर ‘ई ड्राइव्ह’ लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही. त्या अक्षराच्या आधी जे दिसतं ते लेबल. ते पेनड्राइव्हवरच लिहिलेलं असल्याने जाईल तिथे सोबत जातं. नव्या पेनड्राइव्हला एकतर कंपनीचं नाव लेबल म्हणून असतं, नाहीतर लेबल कोरंच असतं, आणि कोरं असलं की विंडोज स्वतःहून ‘यूएसबी ड्राइव्ह’ दाखवतं.

नाव टाकण्याआधी फाइल सिस्टिम बघा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि पुढे अडतात. एका वेळी एकच पेनड्राइव्ह लावा. ‘धिस पीसी’ उघडा, पेनड्राइव्हवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे ‘फाइल सिस्टिम’ (पेनड्राइव्हवर फाइली ठेवायची पद्धत) या ओळीसमोर फॅट-३२, एक्सफॅट किंवा एनटीएफएस यांपैकी एक काहीतरी असेल.

फॅट-३२ असेल तर नाव जास्तीत जास्त ११ अक्षरांचं, तेही इंग्रजी लिपीत, आणि लहान अक्षरं टाकली तरी विंडोज ती मोठी करून दाखवतं. देवनागरी नाव इथे टिकत नाही. टिंब, स्वल्पविराम, विसर्गचिन्ह, तिरकी रेघ, चांदणी, प्रश्नचिन्ह हेही चालत नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते ७/१२ लिहिताना, त्या तिरक्या रेघेपाशी. सरळ इंग्रजी आकड्यांत ७१२ लिहा, किंवा मध्ये आडवी रेघ द्या. रिकामी जागा चालते, फक्त तीही ११ मध्ये मोजली जाते.

एक्सफॅट असेल तर मर्यादा ११ चीच, पण मराठी नाव चालतं. एनटीएफएस असेल तर ३२ पर्यंत, मराठीसकट.

साधारणपणे ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह दुकानातून फॅट-३२ मध्ये येतात आणि ६४ जीबीपासून पुढचे एक्सफॅटमध्ये. लांब नाव हवं म्हणून एनटीएफएसच्या मागे लागू नका. गाडीतले स्टिरिओ, जुने टीव्ही आणि भजनाच्या कार्यक्रमातले साउंडवाल्यांचे प्लेअर यांतल्या बऱ्याच जणांना फक्त फॅट-३२ वाचता येतं. कीर्तनाचा पेनड्राइव्ह फॅट-३२ च राहू द्या आणि नाव इंग्रजी अक्षरांत आखूड ठेवा. मराठी नावाची हौस कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या पेनड्राइव्हवर भागवा, ते बहुतेक वेळा संगणकालाच लागतात.

नाव बदलणं

नाव बदलल्याने आतल्या फाइलींना काहीही होत नाही. फॉरमॅट करायची, म्हणजे पेनड्राइव्ह पुसून नव्याने मांडायची, गरज नाही. ‘नाव द्यायचं तर फॉरमॅट मारावा लागतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्यात सगळा डेटा जातो.

१. चालू असलेली कॉपी संपू द्या. पेनड्राइव्हमधली कुठलीही फाइल उघडी ठेवू नका.
२. ‘धिस पीसी’मध्ये पेनड्राइव्हवर एकदाच क्लिक करा आणि कीबोर्डवरचं एफ-२ दाबा. विंडोज १० असो वा ११, ही कळ दोन्हीकडे चालते. मेनूत ‘रीनेम’ शोधत बसावं लागत नाही.
३. नाव टाइप करून एंटर दाबा.
४. एफ-२ ने जमलं नाही तर प्रॉपर्टीज उघडा. जनरल टॅबमध्ये सगळ्यात वर एक चौकट असते, तीत नाव लिहून अप्लाय, मग ओके.
५. पेनड्राइव्हवर उजवं क्लिक, इजेक्ट. काढून पुन्हा लावा आणि नवीन नाव दिसतं का ते बघा.

पाचवी पायरी उगाच दिलेली नाही. नाव लिहिलं जात असताना लाईट गेली किंवा पेनड्राइव्ह ओढून काढला, तर नावासोबत आतली फाइलींची यादीही बिघडू शकते. बिनबॅटरीच्या संगणकावर, इन्व्हर्टर नसेल आणि लाईटचा भरवसा नसेल, तर हे काम लाईट नीट आहे तेव्हाच करा.

लिनक्स असेल तर ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडा, पेनड्राइव्ह निवडा, दातेरी चाकाच्या बटणातून ‘एडिट फाइलसिस्टिम’ घ्या. मॅकवर फाइंडरमध्ये निवडून रिटर्न दाबलं की झालं. या दोन्हीकडे एक ध्यानात ठेवा: तिथे फाइलीचा पत्ता लेबलवरूनच बनतो. नाव बदललं की गाण्यांच्या जुन्या प्लेलिस्ट आणि शॉर्टकट तुटतात. विंडोजमध्ये पत्ता अक्षरावरून बनतो, त्यामुळे तिथे हा त्रास नाही.

मराठी अक्षरांची मोजणी

एक्सफॅटची ११ ची मर्यादा मराठीत फसवते, कारण संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतो. ‘लग्नाचे फोटो’ डोळ्यांना पाच-सहा अक्षरांचं वाटतं. मोजा: ल, ग, हलन्त, न, काना, च, मात्रा, रिकामी जागा, फ, ओकार, ट, ओकार. झाले १२, म्हणजे एकाने जास्त. ‘लग्न फोटो’ ९ मध्ये बसतं, आणि पुढे जागा सोडून १ लिहिला की बरोबर ११. ‘सातबारा’ ७, ‘कीर्तन ०२’ ९, ‘शेती कागद’ ९. जोडाक्षरं जितकी जास्त तितकी जागा लवकर संपते, म्हणून साधे शब्द निवडा आणि ‘-चे’, ‘-ची’ असले प्रत्यय सोडून द्या.

टाइप करताना युनिकोड कीबोर्डच लागतो. विंडोज १० च्या २०१९ सालच्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा, तिच्या पर्यायांत हा कीबोर्ड घ्या आणि विंडोजची कळ धरून स्पेस दाबत भाषा बदला. डीटीपीवाले श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, ते लेबलला चालत नाही. ते फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरंच लिहितात आणि वरून मराठी रूप चढवतात. लेबलच्या चौकटीत फॉन्ट निवडता येत नाही, त्यामुळे तिथे सरळ गिचमीड दिसते.

पेनड्राइव्ह फॅट-३२ आहे आणि नाव मराठीतच हवं असेल, तर मात्र तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो. सगळा डेटा आधी संगणकावर कॉपी करा आणि दोन-चार फाइली उघडून खात्री करा. मग उजवं क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिममध्ये एक्सफॅट, अलोकेशन युनिट आहे तेच ठेवा, ‘व्हॉल्यूम लेबल’च्या चौकटीत नाव आणि ‘क्विक फॉरमॅट’वर खूण. स्टार्ट दाबण्याआधी वर लिहिलेली क्षमता बघा. ती पेनड्राइव्हचीच आहे ना, घरच्या दुसऱ्या ड्राइव्हची नाही ना?

नाव कोणतं द्यावं

आत काय आहे ते आणि पुढे क्रमांक, एवढंच पुरे. शेती ०१, शेती ०२, फोटो ०१. इंग्रजी अक्षरांत लिहायचं असेल तर आकडेही इंग्रजीच टाका. क्रमांक दोन आकडी ठेवा. घरातल्या कुणाचं नाव द्यायचं असेल तर शाळा-कॉलेजच्या पेनड्राइव्हला द्या, कारण तो खरंच एकट्याचा असतो. ‘नवीन’, ‘महत्त्वाचं’, ‘इतर’ ही नावं देऊ नका. सहा महिन्यांनी सगळेच जुने असतात आणि सगळेच महत्त्वाचे.

नावात ‘बँक’, ‘आधार’, ‘पासवर्ड’ हे शब्द घालू नका. पेनड्राइव्ह बस स्टँडवर पडला तर उचलणाऱ्याला आपणच रस्ता दाखवल्यासारखं होतं. फोन नंबरही लेबलमध्ये नको. तो एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि त्या फाइलला ‘सापडल्यास’ असं नाव द्या.

अंगावरचं नाव

इथे हवामान आड येतं. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून जास्त तापतं. वहीला लावायच्या कागदी लेबलांचा गोंद तिथे पातळ होऊन सरकतो आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट थर होतो. तोच गोंद पुढच्या धातूच्या तोंडावर आला तर पोर्टमध्ये जातो.

स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे पर्मनंट मार्कर, बारीक टोकाचा, सीडीवर लिहायला वापरतात तो. पेनड्राइव्ह काळा असेल तर पांढरा किंवा चंदेरी पेंट मार्कर घ्या. आधी कापसावर थोडं स्पिरिट घेऊन अंग पुसा, कारण हाताच्या तेलावर शाई धरत नाही. पूर्ण वाळल्यावर लिहा, पाच मिनिटं हात लावू नका, मग वरून पारदर्शक सेलोटेपची एक पट्टी. नेलपॉलिशचा थर देऊ नका, त्यातल्या द्रावणाने मार्करची शाई विरघळते आणि लिहिलेलं फासलं जातं. खोडायचं झालं तर पुन्हा स्पिरिटच.

लेबल छापायचं यंत्र हाताशी असेल तर ९ मिलिमीटरची प्लास्टिक पट्टी बहुतेक पेनड्राइव्हवर बसते. टोकं थोडी गोल कापा, म्हणजे कोपरे उचलले जात नाहीत. पट्टी गुंडाळून दोन थर करू नका. बारीक अंगाचा पेनड्राइव्ह जाड झाला की शेजारच्या पोर्टमध्ये काही लावता येत नाही.

आणि नाव टोपणावर कधीच लिहू नका. टोपणं अदलाबदल होतात. फिरत्या धातूच्या पट्टीचा पेनड्राइव्ह असेल तर त्या पट्टीवर नको, आतल्या प्लास्टिकवर लिहा, कारण पट्टी निखळते. अगदी नखाएवढा पेनड्राइव्ह असेल तर लिहायला जागाच नसते; त्याला दोरा ओवून चावीचा छोटा टॅग बांधा.

नाव बदलत नाही, किंवा आपोआप बदलतं

‘राइट प्रोटेक्टेड’ असा निरोप आला तर आधी बाजूला बारीक खटका आहे का ते बघा. मेमरी कार्डच्या अडॅप्टरला तो हमखास असतो. खटका नाही आणि फाइलही कॉपी होत नाही, तर पेनड्राइव्ह आयुष्याच्या शेवटाला आलेला असू शकतो. बिघडताना काही पेनड्राइव्ह फक्त वाचण्यापुरते उरतात. नावाचा नाद सोडा आणि आतलं सगळं लगेच दुसरीकडे घ्या.

नाव बदललं, पण दिसतं जुनंच? पेनड्राइव्हमध्ये ‘ऑटोरन’ नावाची लपलेली फाइल असेल आणि तिच्यात लेबलची ओळ असेल, तर विंडोज ती ओळ आधी दाखवतं. व्ह्यू मेनूतून लपलेल्या फाइली दिसत्या करा, ती नोटपॅडमध्ये उघडा आणि ती ओळ काढा. ही फाइल तुम्ही बनवलेली नसेल तर अँटिव्हायरस चालवूनच पुढे जा.

दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह उघडल्यावर आत त्याच्याच नावाचा एक शॉर्टकट दिसला आणि बाकी सगळं गायब असेल, तर तो शॉर्टकट व्हायरस आहे. त्यावर डबल क्लिक करू नका. फाइली सहसा गेलेल्या नसतात, बिननावाच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. आधी स्कॅन, मग फाइली बाहेर काढणं, मग फॉरमॅट, आणि नाव पुन्हा द्यायचं.

विंडोज किंवा लिनक्स टाकायला बनवलेल्या पेनड्राइव्हचं लेबल बदलू नका. काही लिनक्स सुरू होताना लेबल शोधूनच आपला पेनड्राइव्ह ओळखतात, नाव बदललं की अर्ध्यावर थांबतात. त्याला फक्त अंगावर नाव द्या.

शेवटी एका वहीचं मागचं पान. क्रमांक, नाव, किती जीबी, आत काय, आणि सध्या कुणाकडे. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा आहे: पेनड्राइव्ह उसना गेला की तिथे पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहा, परत आला की खोडा. एखादा रिकामा करून दुसऱ्या कामाला घेतला, तर लेबल, मार्कर आणि वही तिन्ही एकाच बैठकीत बदला.