फराळाचा फोटो गिम्पमध्ये: मोबाइलपासून छापखान्यापर्यंत

दिवाळीच्या ऑर्डरी घेणाऱ्या घरगुती व्यवसायाला फोटो तीन ठिकाणी लागतात: व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर आणि छापील पत्रकावर. या तिन्ही कामांसाठी महिन्याचं भाडं भरून सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. गिम्प हे फोटो दुरुस्त करायचं पूर्णपणे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर १९९६ पासून लोकांच्या हाती आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. ते ‘गिम्प डॉट ऑर्ग’ या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. दुसरीकडे कुणी त्याचे पैसे मागत असेल तर तिथून निघा.

आणखी दोन मोफत साधनं माहीत असू द्या. मोबाइलवर झटपट काम करायचं तर स्नॅपसीड. आणि डिझायनरने पाठवलेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल उघडायची तर फोटोपी, जे ब्राउझरमध्येच चालतं. पण बरणीमागची पार्श्वभूमी काढणं, मजकूर बसवणं आणि छपाईचं माप साधणं हे सगळं एका जागी करायचं असेल तर गिम्प शिकून घेणंच फायद्याचं. इथली सगळी माहिती आवृत्ती ३ धरून आहे, २.१० मध्येही बहुतेक गोष्टी त्याच नावाने सापडतील. मेनू अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी दिसत असतील तर ‘एडिट’मधल्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘इंटरफेस’ उघडून भाषा इंग्रजी करा, कारण मदत शोधताना इंग्रजी नावंच उपयोगी पडतात.

फोटो काढतानाच

सॉफ्टवेअर काय दुरुस्त करू शकत नाही, ते आधी लक्षात घ्या. चकलीवर ट्यूबलाइट किंवा पिवळा दिवा आणि खिडकीचा उजेड असे दोन उजेड एकत्र पडले, तर ताटाची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर होते. रंगाची दुरुस्ती सगळ्या फोटोवर सारखी लागू होते, त्यामुळे एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. म्हणून घरातले दिवे बंद करा आणि ताट खिडकीपाशी ठेवा, पण थेट उन्हात नको. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की सावली मऊ होते. फ्लॅश वापरू नका; तळलेल्या पदार्थावर तेलाचे पांढरे ठिपके चमकतात आणि ते नंतर पुसत बसावे लागतात.

मोबाइलची काच पुसून घ्या. फोटो किंचित काळोखा आला तरी चालेल. गडद भाग नंतर उजळता येतो. पूर्ण पांढरा होऊन जळलेल्या भागात मात्र माहितीच उरलेली नसते. पहिल्या फोटोत ताटाशेजारी एक साधा पांढरा कागद ठेवा. रंग जुळवताना तो लागणार आहे.

क्रम पाळा

नवख्या माणसाचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा क्रमामुळे. आधी सरळ करणं आणि कापणं, मग उजेड, मग रंग, मग डाग, मग आकार, शार्पनिंग म्हणजे कडा ठळक करणं शेवटी. फोटो आधी शार्प करून मग लहान केला तर ती धार वाया जाते. उजेडाआधी रंग वाढवला तर उजेड बदलताच रंग पुन्हा सरकतो.

फाइल उघडल्यावर रंगाचं प्रोफाइल, म्हणजे फाइलमधली रंग कसे दाखवायचे याची नोंद, बदलायचं का असा प्रश्न आला, विशेषतः आयफोनच्या फोटोला, तर ‘कन्व्हर्ट’ निवडा. नंतर कंट्रोल+शिफ्ट+डी दाबून लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत करा. मूळ लेयर खाली तशीच राहू द्या आणि काम वरच्या प्रतीवर करा.

सरळ करण्यासाठी शिफ्ट+एम दाबून मोजपट्टीचं साधन घ्या. ओट्याची किंवा पाटाची कड धरून एक रेघ ओढा आणि साधनाच्या पर्यायांमधलं ‘स्ट्रेटन’ बटण दाबा. फोटो फिरल्यावर चार कोपरे रिकामे होतात, म्हणूनच कापणं नंतर. कापण्यासाठी शिफ्ट+सी. पर्यायांमध्ये ‘फिक्स्ड’वर खूण करून गुणोत्तर लिहा: कॅटलॉगला १:१, इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टला ४:५. चौकट बसली की एंटर.

लेव्हल्स: सगळ्यात उपयोगी खिडकी

‘कलर्स’मधली ‘लेव्हल्स’ ही एकच खिडकी नीट समजली तरी निम्मं काम झालं. तिथे डोंगरासारखा आलेख दिसतो. डावीकडे गडद छटा, उजवीकडे उजळ. खाली तीन त्रिकोण असतात. काळा त्रिकोण डोंगर जिथे सुरू होतो तिथपर्यंत आणा, पांढरा डोंगर जिथे संपतो तिथपर्यंत. डोंगराच्या आत घुसवू नका. तेवढ्या भागातला तपशील जातो आणि रव्याच्या लाडवाचा दाणेदारपणा सपाट पांढरा होतो. मधला त्रिकोण डावीकडे सरकवला की फोटो उजळतो. त्याचा आकडा १.१ ते १.२ झाला की सहसा पुरे.

याच खिडकीत फोटोतला रंग टिपणारे तीन ड्रॉपर आहेत. मधला, म्हणजे करड्या बिंदूचा ड्रॉपर उचलून त्या पांढऱ्या कागदाच्या थोड्या सावलीतल्या भागावर टिचकी मारा. फोटोवरची पिवळी किंवा निळी झाक एका फटक्यात जाते. कागद जळून शुद्ध पांढरा झाला असेल तर हा उपाय चालत नाही, म्हणूनच सावलीतला भाग. जुळलेली मांडणी खिडकीच्या वरच्या प्रीसेटमध्ये नाव देऊन साठवा. त्याच उजेडात काढलेल्या, कागद नसलेल्या बाकीच्या फोटोंना ती तशीच लागू होते.

‘ऑटो’ बटणाचा मोह फार होतो. ते तांबडा, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे ताणतं. फराळाच्या फोटोत मुळातच पिवळा-तपकिरी रंग जास्त असतो. बटणाला ती चूक वाटते आणि चकली राखाडी दिसायला लागते. हाताने केलेलं काम इथे नेहमी सरस ठरतं.

रंग वाढवायचाच असेल तर ‘कलर्स’मधलं ‘सॅच्युरेशन’ १ वरून १.१ करा, फार तर १.१५. त्यापुढे लोणच्याचा लाल तवंग एकसंध डाग होतो, कारण तांबडा रंग आधीच कमाल मर्यादेजवळ असतो आणि वाढवल्यावर त्यातल्या छटांचा फरकच मिटतो. शिवाय गिऱ्हाइकाच्या हातात पडणारी चकली फोटोतल्या चकलीसारखीच असायला हवी.

आवृत्ती ३ मध्ये असे बदल लेयरवर वेगळे राहतात. लेयरच्या नावाशेजारचं ‘एफएक्स’ चिन्ह दाबून तेच आकडे नंतर बदलता येतात. २.१० मध्ये ही सोय नाही, तिथे लेयरच्या प्रतीच आधाराला.

डाग आणि पार्श्वभूमी

ओट्यावरचे तेलाचे थेंब, ताटावर सांडलेले कण यांसाठी एच दाबून हीलिंगचं साधन घ्या. कंट्रोल धरून जवळच्या स्वच्छ भागावर टिचकी मारा आणि मग डागावर. ब्रश डागापेक्षा थोडाच मोठा असावा. डाग ताटाच्या कडेला चिकटून असेल तर हीलिंग शेजारचा रंग आत ओढून मळकट पट्टा करतं. तिथे सी दाबून क्लोन वापरा, ते जसंच्या तसं उचलून ठेवतं.

पार्श्वभूमी पांढरी करणं हे वेळखाऊ काम. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी, म्हणजे तिन्ही रंग २५५, आणि चौकटीचा निदान ८५ टक्के भाग वस्तूने व्यापलेला असा नियम आहे. तिथे ते टाळता येत नाही. व्हॉट्सॲपसाठी मात्र स्वच्छ पाटावरचा फोटो तसाच ठेवावा, तो जास्त खरा वाटतो.

करायचंच तर जादूच्या कांडीवर, म्हणजे सारखा रंग आपोआप निवडणाऱ्या साधनावर, विसंबू नका. पिठीसाखर लावलेली शंकरपाळी पांढऱ्या कापडावर असेल तर कांडी दोन्ही एकत्रच निवडते. बी दाबून पाथचं, म्हणजे बिंदू जोडून रेघ आखायचं, साधन घ्या आणि बरणीच्या कडेने बिंदू देत जा. सरळ बाजूला फक्त टिचकी, वळणावर टिचकी मारून ओढा. वळणदार बरणीला पंधरा-वीस बिंदू पुरतात. जास्त दिले की कड खडबडीत होते. शेवटचा बिंदू पहिल्याला कंट्रोल धरून जोडा आणि एंटर दाबा, निवड तयार. ती ‘सिलेक्ट’मधल्या ‘श्रिंक’ने १ पिक्सेल आत घ्या आणि ‘फेदर’ने १ पिक्सेल मऊ करा, म्हणजे जुन्या पार्श्वभूमीची कड उरत नाही. मग ‘लेयर’मधल्या ‘मास्क’मध्ये ‘ॲड लेयर मास्क’ निवडून ‘सिलेक्शन’वर खूण करा, म्हणजे निवडीबाहेरचा भाग झाकला जातो. खाली पांढरी लेयर घाला. मास्कमध्ये काहीच पुसलं जात नाही. काळ्याने रंगवलं की लपतं, पांढऱ्याने रंगवलं की परत दिसतं.

अशी बरणी हवेत तरंगताना दिसते. बरणी आणि पांढरा थर यांच्यामध्ये नवी लेयर घेऊन बुडाशी चपटी लंबगोल निवड करा, ४० पिक्सेल फेदर द्या, काळा रंग भरा आणि लेयरची ओपॅसिटी, म्हणजे गडदपणा, ३० वर आणा. बरणी जमिनीवर बसते. काचेच्या रिकाम्या भागातून मागचा ओटा दिसत असेल तर मात्र कापून उपयोग नाही, फोटोच पांढऱ्या कागदासमोर पुन्हा काढा.

मराठी अक्षरं

टी दाबून मजकुराचं साधन घ्या. युनिकोड, म्हणजे मोबाइलवर टाइप होतं तसं, मराठी असेल तर गिम्प जोडाक्षरं नीट जुळवतं. गडबड होते ती श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना मजकूर चिकटवल्यावर. त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून फाँट बदलताच अगम्य चिन्हं उमटतात. तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा किंवा सरळ पुन्हा टाइप करा. ‘मुक्त’, ‘बलू’, ‘टिरो देवनागरी मराठी’ हे फाँट मोफत आहेत. शेवटच्यात ल आणि श मराठी वळणाचे मिळतात.

‘खाऱ्या शंकरपाळ्या’ लिहिताना ‘खार्या’ होत असेल तर साधा र टाइप झालाय. नुक्ता असलेला ऱ, हलन्त, य असा क्रम हवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. उलट दोन ओळींमधलं अंतर थोडं वाढवा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. १०८० पिक्सेल रुंदीच्या पोस्टवर ४० पिक्सेलपेक्षा बारीक अक्षर मोबाइलवर वाचता येत नाही. दर आणि फोन नंबर तर त्याहून ठळकच असू द्या.

काहीच उमटत नाही तेव्हा

ब्रश फिरतोय पण परिणाम नाही, असं झालं तर कुठेतरी एखादी जुनी निवड शिल्लक आहे. कंट्रोल+शिफ्ट+ए दाबून ती काढा. तरीही नाही, तर लेयरच्या यादीत भलतीच लेयर किंवा लेयरऐवजी तिचा मास्क निवडलेला असतो. रंग एका तुटक रेघेपलीकडे जात नसेल तर लेयर चित्रापेक्षा लहान आहे; ‘लेयर टू इमेज साइज’ करा. आणि बाजूची सगळी साधनं अचानक गायब झाली तर चुकून टॅब दाबला गेलाय. पुन्हा दाबा.

बाहेर काढणं

कंट्रोल+एस ने फाइल एक्ससीएफ प्रकारात साठते. ती लेयरसकट ठेवण्याची फाइल, व्हॉट्सॲपवर ती दिसणार नाही. पाठवायची फाइल कंट्रोल+शिफ्ट+ई ने काढा. आकार बदलण्याआधी एक्ससीएफ जपून ठेवा, मगच ‘इमेज’मधल्या ‘स्केल इमेज’ने रुंदी १०८० करा. मग ‘फिल्टर्स’च्या ‘एनहान्स’मधलं ‘शार्पन’ घ्या: रेडियस १, अमाउंट ०.५. चकलीच्या काट्यांभोवती पांढरी रेघ दिसली तर कमी करा. जेपेगची गुणवत्ता ८५ ते ९०. जेपेग उघडून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी थोडी खराब होते. पुढची दुरुस्ती नेहमी एक्ससीएफमध्ये करा.

छपाईला हिशेब वेगळा. इंच गुणिले ३०० म्हणजे लागणारे पिक्सेल. ए५ पत्रकाला १७४८ बाय २४८०. कापण्यासाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा धरून १८१९ बाय २५५१. हे माप सुरुवातीलाच घ्या, कारण १०८० चा फोटो ताणून तपशील वाढत नाही, फक्त अस्पष्टता वाढते. सहा फूट बाय तीन फुटांच्या फ्लेक्सला मात्र इंचाला ७२ पिक्सेल चालतात, कारण तो लांबून बघितला जातो. म्हणजे ५१८४ बाय २५९२.

स्क्रीनवरचा झगझगीत केशरी आणि हिरवा छापील कागदावर निस्तेज होतो. छपाईच्या चार शाईंना ते रंग गाठता येत नाहीत. पाचशे प्रती काढण्याआधी त्याच कागदावर एक प्रत काढून दिवसाच्या उजेडात बघा. आणि छापखान्याला फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायची असेल तर फोटो म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. फोटो म्हणून पाठवली की ॲप ती दाबून लहान करतं.