बँक नवे सही-अधिकारी घेत नव्हती: आमच्या मंडळाचा अनुभव

फोंडा तालुक्यातलं आमचं भजनी मंडळ सोसायटी नोंदणी कायदा, 1860 खाली नोंदलेलं. खजिनदार बदलले, पण बँक नव्या सह्या घेईना. लेटरहेडवर ठराव दिला, मग नोटरीचं प्रतिज्ञापत्र दिलं, दोन्ही परत. चतुर्थी तोंडावर आणि पखवाजवाल्याला द्यायला पैसे नाहीत, डोकं फिरलं.

मूळ दुखणं वेगळंच निघालं. कलम 4 प्रमाणे वार्षिक सभेनंतर चौदाव्या दिवसापर्यंत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. आमची तीन वर्षं राहिली होती, म्हणजे सरकारदप्तरी जुनीच समिती!

आधी समईच्या तेलाचे डाग पडलेलं इतिवृत्त काढून प्रत्येक सभेची तारीख आणि निवड तपासली. मग दर वर्षाची वेगळी यादी केली: नाव, पत्ता आणि व्यवसाय. व्यवसायाचा रकाना रिकामा ठेवल्याने पहिल्यांदा कागद परत आले. गृहिणी, निवृत्त शिक्षक, काहीही असो, लिहाच. एकाने मागची तारीख घालायला सुचवलं. मी नाही म्हटलं. आजचीच तारीख घातली आणि उशिराचं कारण सांगणारं पत्र जोडलं. दाखल केल्याची पोच घेतली आणि कलम 19 खाली ताज्या यादीच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला.

ती प्रत, सभेचा ठराव आणि नव्या तिन्ही सही-अधिकाऱ्यांची केवायसी एकत्र दिली. जुन्या सह्या रद्द करायचं पत्र वेगळं द्यावं लागतं, ते विसरू नका. या खेपेला बँकेने काही विचारलं नाही.