संध्याकाळी सहाला तात्या मोर्चावर जातात: लढाई पाहिलेल्या माणसाचा डिमेन्शिया घरी सांभाळताना

आमच्या गावात याला म्हातारचळ म्हणतात. डॉक्टरांनी कागदावर डिमेन्शिया लिहिलं. माझे सासरे, तात्या, वय ७७, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, हवालदार म्हणून पेन्शनीत आले. त्यांचे वडीलही त्याच पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते. सातारा जिल्ह्यात यात नवल काही नाही. नवल हे, की दोघांनीही लढाईबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नाही. तात्यांचं तोंड चार वर्षांपूर्वी उघडलं, तेही रात्री दोन वाजता.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, नर्स नाही. चुकत चुकत जे कळलं ते लिहिते. तुमच्याही घरी पासष्टचा, एकाहत्तरचा किंवा श्रीलंकेहून परतलेला कुणी असेल.

पहिली गोष्ट, लघवी तपासून घ्या. हसू नका. गेल्या आषाढात तात्या दोन दिवसांत एकदम बिघडले. पलंगाखाली शिरायचे, मला ओळखेनात, सगळ्यांना "खाली, खाली" करायचे. मी धरून चालले की लढाई वर आली. एका दवाखान्यात "वय झालं, चालायचंच" म्हणून झोपेची गोळी दिली. त्या गोळीने ते मोरीत पडले. दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी तपासली, तर जंतुसंसर्ग. औषध सुरू झालं आणि आठवड्यात पलंगाखालचा मोर्चा, म्हणजे लढाईतला खंदक, उठला. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी पुढे सरकतो. तासा-दिवसांत माणूस बदलला तर कारण आधी शरीरात शोधा: लघवी, छाती, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवी गोळी, कानाच्या मशीनचा संपलेला सेल. आणि माणसाला नसलेली माणसं अगदी स्पष्ट दिसत असतील, चालणं ताठरलं असेल, तर शांत करायचं कुठलंही औषध सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. डिमेन्शियाच्या एका प्रकारात अशी काही औषधं फार घातक ठरतात.

सकाळचे पोहे आठवत नाहीत आणि ५० वर्षांपूर्वीची रात्र आठवते, याला लोक ढोंग म्हणतात. ढोंग नव्हे. अल्झायमरमध्ये नवी आठवण नोंदवणारा मेंदूचा भाग आधी बिघडतो, जुन्या नोंदी उशिरापर्यंत टिकतात. शिवाय नको ते दाबून ठेवायलाही मेंदूला जोर लागतो. तो जोर सुटला की झाकण उडतं.

आता संध्याकाळ. दिवेलागणीला तात्यांची घालमेल सुरू व्हायची. खिडक्या लाव, दिवे मालव, बूट शोध. या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढतेच. थकवा, सावल्या, शरीराचं बिघडलेलं घड्याळ. मी देवापाशी दिवा लावायचे, ते येऊन विझवायचे. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. शेवटी पारावर बसणाऱ्या एका रिटायर सुभेदारांनी ऐकलं आणि म्हणाले, "बाई, ही स्टँड-टूची वेळ. पहाटे आणि सांजेला सगळी पलटण हत्यार घेऊन मोर्चात उभी राहते. हल्ला त्याच वेळी येतो."

तेव्हापासून आमचा रिवाज ठरलेला आहे. साडेपाचलाच जाड पडदे ओढायचे, मग घरातले दिवे लावायचे. उजेड बाहेर जात नाही हे तात्यांनी एकदा पाहून आलं की ते दिव्यांना हात लावत नाहीत, आणि खोलीत सावल्याही उरत नाहीत. ते खिडकीशी उभे राहतात. मी पंधरा मिनिटं उभं राहू देते. मग समोर येऊन, मोठ्याने पण ओरडून नव्हे, म्हणते, "तात्या, स्टँड डाऊन झालं. चहा आलाय." स्टँड डाऊन म्हणजे मोर्चा सोडायची आज्ञा. फौजेतही त्यानंतर चहाच येतो म्हणे. दहातल्या सात वेळा ते बसतात. उरलेल्या तीन वेळा मी त्यांच्याशेजारी उभी राहते, स्वयंपाकाला उशीर होतो, झालं.

मागून हात कधीच लावू नका. झोपेतून उठवायचं तर पायाच्या बाजूला उभं राहून हाक मारा. मी एकदा खांदा हलवला आणि मनगट सुजवून घेतलं. घरी परवान्याची बंदूक असेल तर ती आजच पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. "त्यांना वाईट वाटेल" हे कारण आम्ही सहा महिने देत राहिलो, ते चुकलंच. दिवाळीत आळीतल्या पोरांना आधी सांगून ठेवा आणि पहिल्या फटाक्याच्या आत रेडिओवर भजन लावा. आणि भेटायला येणाऱ्यांना उंबऱ्यावरच बजावा: "मी कोण, ओळखा बघू?" विचारायचं नाही.

सगळ्यात अवघड ते नाव.

आमच्या घरात एक नियम होता. अंधार पडल्यावर कुणाला नावाने हाक मारायची नाही, टाळी वाजवायची. मी सून म्हणून आले तेव्हा वाटलं, चकव्याचं काहीतरी असेल. माझा नवरा, माझा मुलगा, सगळे टाळीच वाजवतात. दोन वर्षांपूर्वी तात्या रात्री स्वतःच एका नावाने हाका मारू लागले. नाव मुसलमानी. चुलत सासूबाईंच्या भुवया वर गेल्या.

मी म्हणायचे, "कोणी नाही इथं, झोपा." आवाज आणखी चढायचा. एका रात्री नवरा वैतागून बोलला, "मेला असेल तो, तात्या." त्यांनी ते नुकतंच घडल्यासारखं ऐकलं आणि उजाडेपर्यंत रडले. मग मी विचारणं सोडलं, नुसती बसायला लागले. तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. १९७१च्या डिसेंबरात त्यांची पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आजच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे, टांगाइलच्या रस्त्यावर मोर्चे खणून बसली होती. शहरात ३१ बलुच, ही पाकिस्तानी पलटण. शरण या, या पत्राला त्यांच्या कर्नलने पाकिटात गोळी घालून उत्तर धाडलं, ही गोष्ट सगळीकडे छापलेली आहे. तात्या ती सांगत नाहीत. १० तारखेच्या रात्री बलुच त्याच रस्त्याने बाहेर पडले आणि मराठ्यांच्या बंदुकांपुढे आले. दोनशेहून जास्त मेले. अंधारात ती माणसं एकमेकांना नावांनी शोधत होती. पहाटेपर्यंत एकच आवाज राहिला, तो एकच नाव घेत होता. तात्या तेव्हा २३ वर्षांचे होते. ते नाव मी इथे लिहीत नाही. कुणाच्या तरी घरी ते अजून घेतलं जात असेल.

आता हाका सुरू झाल्या की मी दिवा लावते, कोमट पाणी देते, विचारते, "आवाज लांबून येतोय का?" ते सांगतात. मग मी म्हणते, "त्याच्या माणसांनी नेलं त्याला." हे खोटं आहे का? असेल. भिणाऱ्या माणसाला पुराव्याची नाही, सोबतीची गरज असते, आणि रात्री तीनला मला एवढंच सुचतं.

आठवणी लिहून ठेवायच्या असतील तर दिवसा, पोट भरल्यावर, आणि लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, काय असायचं, पाऊस कसा होता, इथून सुरुवात करा. माझ्या मुलाने मोबाइलवर काहीबाही पाहून विचारलं होतं, "आजोबा, किती मारले?" तात्या आठवडाभर जेवले नाहीत नीट. रेकॉर्डिंग केलंत तर ते स्टेटसवर टाकायचं नाही. आणि ऐकलेलं सगळं इतिहास म्हणून धरू नका. तात्या एकदा म्हणाले, जमालपुरात गुडघाभर बर्फ होतं. तिथे कुठलं बर्फ? ते त्यांच्या वडिलांचं, इटलीतल्या हिवाळ्याचं. म्हणजे थोरले आबा मुलाशी कधीतरी बोलले होते तर.

तसंच पाटाचं. शेताकडे जायला पाटाच्या भरावावरून दहा मिनिटं लागतात, पण आमचं सगळं घर पिढ्यान्‌पिढ्या वळसा घालून पंचवीस मिनिटं चालतं. विचारलं की, "आपल्यात वरून जात नाहीत." परवा तात्यांनी नवऱ्याचा सदरा धरला, "भरावावर पाय टाकू नको, सुरुंग आहेत." एप्रिल १९४५ मध्ये जंगी पलटण इटलीतली सेनिओ नदी ओलांडत होती, नदीचे दोन्ही भराव सुरुंगांनी भरलेले होते. त्याच लढाईत नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. थोरल्या आबांना काय मिळालं ते आमच्या चपलांना ठाऊक. तर तुमच्याही घरातल्या अशा विनाकारण सवयी एकदा मोजून बघा.

एक वही मात्र ठेवाच. वेळ, आधी काय घडलं, काय बोलले, कशाने शांत झाले. डॉक्टर दहा मिनिटं देतात, त्यात वहीच बोलते. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचं कार्ड त्याच वहीत ठेवा, डिस्चार्ज बुकाची झेरॉक्सही. आणि स्वतःचा तोल जायला लागला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. मी एकदा लावला, वीस मिनिटं नुसती बोलले.

वहीतली कालची नोंद: ६.१०, पडदे स्वतः तपासले. ६.२५, स्टँड डाऊन. चहा अर्धा कप. दोन बिस्किटं, एक खाल्लं, एक रात्रीच्या ड्यूटीसाठी सदऱ्याच्या खिशात. धुणं टाकताना खिसे बघत जा, मुंग्या होतात.