वारशाने आलेली एमजीबी उघडण्यापूर्वी: वायरिंग आणि अंतर्भागाच्या कामाची तयारी

वडिलांकडून किंवा काकांकडून आलेली जुनी स्पोर्ट्‌स कार पूर्ववत करायला घेताना पहिला पाना लावण्याआधी जी तयारी करावी लागते, ती बहुतेक वेळा उत्साहाच्या भरात मागे पडते आणि मग सुटे केलेले भाग खोक्यांत पडून राहतात. पुढील यादी १९६२ ते १९६७ या काळातल्या पहिल्या पिढीच्या एमजीबी रोडस्टरला (एमजी या ब्रिटिश कंपनीच्या उघड्या टपाच्या दोन आसनी गाडीला), म्हणजे जिचा चेसिस क्रमांक जीएचएन३ या अक्षरांनी सुरू होतो त्या गाडीला, समोर ठेवून केली आहे. गाडी ट्रायम्फ स्पिटफायर किंवा एमजी मिजेट असली तरी यातले पुष्कळसे लागू पडेल, कारण त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांची विद्युत सामग्री बहुधा लुकासची आणि मीटर स्मिथ्‌सचे असत. इंजिन, ब्रेक आणि पत्राकाम हे विषय येथे घेतलेले नाहीत. मात्र फ्लोअरला वेल्डिंग करायचे असेल तर ते आधी संपवावे, कारण नव्या वायरिंगच्या आणि गालिच्याच्या शेजारी वेल्डिंगची ठिणगी उडू देणे कोणालाही परवडणारे नाही.

कागदपत्रे प्रथम. वाहनमालकाचे निधन झाल्यास वारसाने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यावे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला दंडक आहे. पुष्कळ घरांत हे वर्षानुवर्षे राहून गेलेले असते, तेव्हा इतर वारसांची ना हरकत पत्रे आधी गोळा करावीत. गाडीवर पैसा खर्च झाल्यावर भावंडांमध्ये मालकीची चर्चा सुरू होणे सर्वांनाच जड जाते. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे अशी ती व्यवस्था आहे, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी तिची अट आहे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल अशा कारणांपुरतीच तिला मुभा असते. हा निर्णय अंतर्भागाच्या कामाशी थेट जोडलेला आहे, म्हणूनच तो आता घ्यायचा. गाडी वर्षातून काही वेळाच बाहेर निघणार असेल तर स्टिरिओ, मोबाइलचा चार्जर आणि वाढीव दिवे यांचा हट्ट सोडून देणे सोपे जाते, आणि वायरिंग मुळाबरहुकूम ठेवता येते.

जागेचा प्रश्न मुंबईत सर्वांत अवघड. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सीट काढून ठेवणे, पेट्रोलची टाकी रिकामी करणे, चिकटद्रव्यांचा वास पसरवणे याला शेजारी हरकत घेतील आणि ती रास्तच असेल. यांत्रिक मजली पार्किंग असेल तर बोलायलाच नको. सेक्रेटरींना लेखी पत्र देऊन मर्यादित काळाची परवानगी मागता येते, पण माझ्या मते काही महिन्यांसाठी एखाद्या औद्योगिक वसाहतीतला लहान गाळा भाड्याने घेणे किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये झाकलेला कोपरा मिळवणे हेच शहाणपणाचे. जागा ठरवताना छत गळते का, रात्री दार बंद होते का, हवा खेळती आहे का आणि उंदरांचा वावर आहे का, हे चारही प्रश्न विचारावेत. यातला शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. उघड्या पडलेल्या वायरी कुरतडणे आणि काढून ठेवलेल्या सीटच्या पोटात घर करणे या दोन्ही गोष्टी मुंबईचे उंदीर एका रात्रीत सुरू करतात, म्हणून पिंजरे पहिल्या दिवसापासून लावावेत आणि कारागिरांचे डबे गाडीत ठेवू देऊ नयेत. अग्निशामक नळकांडे हाताशी असावे हे सांगायलाच नको.

कामाचे वेळापत्रक पावसाकडे पाहून आखावे. जून ते सप्टेंबर या काळात हवेतल्या ओलाव्यामुळे रबर सोल्युशन नीट धरत नाही, चामड्यावर बुरशी येते आणि उघड्या तांब्यावर लवकर काळपटपणा चढतो. गाडी सुटी करणे, फोटो काढणे, भागांची मागणी नोंदवणे ही कामे पावसाळ्यात करावीत. नव्या वायरी टाकणे, चिकटवणे आणि शिवलेले बसवणे यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ राखून ठेवावा.

सुटे करण्यापूर्वी फोटो. डॅशबोर्डच्या खाली झोपून, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्याच्या) दोन्ही बाजूंनी, दारांच्या आतून, सीटच्या रुळांचे, डिकीचे, आणि प्रत्येक जोडाचे जवळून व लांबून असे फोटो काढावेत. फोटोत रंग नीट दिसतील इतका पांढरा उजेड असावा, कारण लुकासच्या वायरिंगची सारी भाषा रंगांची आहे: तपकिरी म्हणजे बॅटरीकडून फ्यूजशिवाय थेट येणारा प्रवाह, पांढरा म्हणजे चावी फिरवल्यावरचा, हिरवा म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून गेलेला, जांभळा म्हणजे सतत चालू पण फ्यूजमधून गेलेला, लाल म्हणजे साइड व टेल लाइट, निळा म्हणजे हेडलाइट आणि काळा म्हणजे ‘अर्थ’, अर्थात बॉडीला जोडलेली परतीची वाट. मुख्य रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असेल तर ती उपशाखा सांगते. उदाहरणार्थ हिरव्यावर लाल रेघ डाव्या इंडिकेटरची आणि हिरव्यावर पांढरी उजव्या इंडिकेटरची. ही भाषा मालकाने स्वतः शिकावी, वायरमनवर सोडू नये. मूळ वर्कशॉप मॅन्युअलमधली वायरिंगची आकृती मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावावी आणि गाडीत प्रत्यक्ष आढळलेला प्रत्येक फरक तीवर पेन्सिलीने नोंदवावा. असे फरक आढळतीलच: साठ वर्षांत कोणी हॉर्न बदललेला असतो, कोणी टेपरेकॉर्डर बसवलेला असतो, आणि प्रत्येक वेळी हाती लागेल त्या रंगाची वायर पिळून, काळी टेप गुंडाळून जोड दिलेला असतो.

त्यानंतर ध्रुवता तपासावी. पहिल्या पिढीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आणि सीटच्या मागे, फळीखाली, ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून १२ व्होल्ट मिळवलेले असतात. पुढच्या मालकांनी यातले काय बदलले आहे हे गृहीत न धरता मल्टिमीटरने पाहावे. आजच्या गॅरेजमधल्या पोरांना ऋण टोक बॉडीला लावण्याची सवय असते. उलट जोडलेल्या बॅटरीने नुकसान होऊ नये म्हणून बॅटरीच्या पेटीवर ठळक मराठीत आणि हिंदीत सूचना रंगवावी. ऋण टोक बॉडीला जोडण्याचा बेत असेल तर डायनामोला नव्या दिशेचा झटका देऊन ध्रुवता बदलावी लागते, इग्निशन कॉइलची टोके अदलाबदल करावी लागतात आणि विजेवर चालणारे आरपीएम मीटर असेल तर त्यात दुरुस्ती करावी लागते. मला स्वतःला जी ध्रुवता आहे तीच ठेवावी असे वाटते.

आता प्रवाहाचा हिशेब. या गाडीचा लुकास सी४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, आणि तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. ६० वॉटचे दोन हेडलाइट धरले तर १२० वॉट, म्हणजे सुमारे १० अँपिअर तिथेच गेले. वायपर, इग्निशन, इंधनपंप आणि मागचे दिवे जोडले की सिग्नलवर उभ्या गाडीत बॅटरी उतरू लागते. म्हणून नव्या गोष्टी जोडण्याचा विचार या हिशेबापुढे ठेवूनच करावा. मूळ फ्यूजपेटीत दोनच कामाचे फ्यूज आहेत, दोन्ही काचेचे, ३५ अँपिअरला वितळणारे. एक जांभळ्या आणि एक हिरव्या शाखेसाठी. हेडलाइट आणि इग्निशनच्या वाटेवर फ्यूजच नाही. मुळाबरहुकूम राहण्याचा आग्रह मी इथे सोडतो: हेडलाइटसाठी रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज दृष्टीआड बसवावा. यामुळे प्रवाह जुन्या स्विचमधून न जाता जाड वायरीतून जातो, दिवे उजळतात आणि सहज न मिळणारा मूळ स्विच वाचतो. हेडलाइट ७ इंची गोल असल्याने अ‍ॅम्बेसेडरसाठी मिळणारे दिवे येथे चालतात, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

जुनी लूम (गाडीतल्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा) दुरुस्त करावी की नवी आणावी हे एका टोकावरून ठरवावे. कापसाची विणलेली खोळ थोडी मागे सारून एखाद्या वायरीचे आवरण सोलावे. तांबे लखलखीत असेल तर आशा आहे, हिरवे किंवा काळे पडलेले असेल आणि आणखी आत सोलूनही तसेच निघाले, तर ती लूम संपली असे समजावे. ब्रिटनमध्ये या गाडीच्या नव्या लूम मूळ रंगांत आणि मूळ खोळीसह आजही बनतात. मागवताना चेसिस क्रमांक कळवावा आणि सीमाशुल्काचा खर्च आधीच धरावा. इथेच बनवून घ्यायची असेल तर लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, घरगुती फिटिंगची वायर मुबलक मिळते, पण ती घेऊ नये. गाडीच्या थरथरीत बारीक तारांची लवचिक ऑटो वायरच टिकते. साइड लाइटसाठी १४/०.३०, हेडलाइटसाठी २८/०.३० आणि मुख्य पुरवठ्यासाठी ४४/०.३० असा मापांचा अंदाज ठेवावा; पहिला आकडा तारांची संख्या आणि दुसरा प्रत्येक तारेची मिलिमीटरमधली जाडी. जोडणीची बुलेट व थिंबल ही टोके, स्लीव्ह आणि रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेपासून वायर वाचवणारी कडी) हवे त्याहून अधिक आणावेत. पत्र्याच्या प्रत्येक भोकात ग्रोमेट असलाच पाहिजे. पत्र्याच्या धारेवर घासलेली तपकिरी वायर म्हणजे फ्यूज नसलेला शॉर्टसर्किट. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी नवी घ्यावी. ती तुटलेली असेल तर सेल्फ मारताना प्रवाह चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापून लाल होते.

डॅशबोर्ड उतरवण्याआधी एक इशारा. तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या जोडमीटरपासून इंजिनपर्यंत एक तेलाची नळी आणि एक केसासारखी बारीक सीलबंद नळी जाते. ही दुसरी नळी वायर समजून कापली गेली की मीटर निकामी होतो, आणि तिचा सांधा पुन्हा लावणे सामान्य कारागिराचे काम नाही. तिला रंगीत टेप बांधून ठेवावी आणि कामावर येणाऱ्या प्रत्येकाला ती हाताने दाखवावी.

अंतर्भागाचे सामान काढताना एकही तुकडा टाकून देऊ नये. फाटलेले सीट कव्हर हा शिवणाऱ्याचा नमुना असतो, दारावरचा फुगलेला हार्डबोर्ड हा नव्या बोर्डाच्या भोकांचा नकाशा असतो, आणि सीटच्या रुळांखालच्या लाकडी पट्ट्या कुजलेल्या असल्या तरी त्यांची जाडी मोजायची असते. सीटमध्ये आधीच्या दुरुस्तीत काथ्या भरलेला आढळणे शक्य आहे. तो ओल धरतो, त्यामुळे काढून दाट फोम घालावा आणि खालचा रबरी पडदा सैल झाला असेल तर तोही बदलावा. गालिच्याखालचा नमदा तर फ्लोअरच्या गंजाचे मूळ असतो. मोकळ्या पत्र्याला प्रायमर आणि रंग दिल्याशिवाय नवा नमदा टाकू नये. मूळ रंगसंगतीबद्दल घरात वाद असेल तर ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र मागवता येते. कारखान्याच्या नोंदींवरून त्यात बाहेरचा आणि आतला रंग दिलेला असतो. डॅशबोर्डचा पत्रा दाणेदार काळ्या रंगाचा असतो, गुळगुळीत काळा मारू नये.

चामडे की रेक्झिन हा प्रश्न मुंबईत केवळ पैशाचा नाही. धारावीत उत्तम चामडे मिळते आणि मूळ सीटचा पृष्ठभागही चामड्याचा होता, पण बंद गाळ्यात चार महिने उभी राहणारी गाडी असेल तर त्यावर बुरशी येणार हे धरून चालावे. ज्याच्याकडून दर पंधरवड्याला दार उघडून पुसणे होणार नाही, त्याने चांगल्या प्रतीचे रेक्झिन घ्यावे आणि अपराधी वाटून घेऊ नये. मूळ चामडे भेगाळलेले पण शिवणीपाशी शाबूत असेल, तर ते साफ करून, मऊ करून तसेच ठेवण्याचा पर्यायही आहे. ज्या सीटवर वडील बसत ती सीट नवी करकरीत दिसलीच पाहिजे असे नाही. शिवण्यासाठी सुती धागा वापरू नये, तो दमट हवेत कुजतो. पायपिंगचा रंग आणि पट्ट्यांची रुंदी यांचा लेखी तपशील व नमुन्याचा तुकडा कारागिराला द्यावा आणि आधी एकच सीट पूर्ण करून घ्यावी.

कारागीर निवडताना त्याने आधी केलेली एखादी गाडी पाहावी, रोजंदारीऐवजी टप्प्यांवर पैसे ठरवावेत आणि जुने सुटे भाग मालकाच्या ताब्यात राहतील हे स्पष्ट करावे. ऑपेरा हाउस भागातील स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरताना जुना भाग सोबत न्यावा. तोंडी वर्णनावर भलताच माल हाती येतो.

शेवटची तयारी चाचणीची. वायरिंग पूर्ण झाल्यावर, पण गालिचा, दारांचे पॅनेल आणि सीट बसवण्यापूर्वी, सर्व स्विच बंद ठेवून बॅटरीच्या वाटेत २१ वॉटचा बल्ब जोडावा. बल्ब प्रखर पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. विझलेला राहिला तर एकेक शाखा चालू करत जावे आणि प्रत्येकीची नोंद आकृतीवर करावी. दोन दिवसांनी, रात्रीही, हीच चाचणी पुन्हा घ्यावी. त्यानंतरच सीटवाल्याला बोलवावे, आणि जुनी लूम चिठ्ठ्यांसह एका पोत्यात बांधून पहिला पावसाळा पार पडेपर्यंत माळ्यावर ठेवावी.