मूत्रनिर्मिती: पाणी आणि मीठ यांचा गोंधळ टाळा

परीक्षेत मूत्रनिर्मितीचं उत्तर बहुतेक वेळा एकाच कारणानं चुकतं. पाणी आणि मीठ कायम जोडीनंच फिरतात, असं आपण धरून चालतो.

आधी किडनीला नुसती गाळणी म्हणणं सोडा. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम एक-दोन लिटर. खरी करामत गाळल्यानंतरची, परत शोषून घेण्याची. त्यातलं साधारण दोन तृतीयांश पाणी आणि सोडियम नेफ्रॉनच्या (किडनीतल्या सूक्ष्म गाळण-घटकाच्या) पहिल्या नलिकेतच परत रक्तात जातं. इथे मात्र दोघं खरोखर जोडीनं जातात.

हेन्लेच्या लूपमध्ये, म्हणजे नलिकेच्या पुढच्या यू-आकाराच्या वळणात, ही जोडी फुटते, आणि इथेच सर्वाधिक मार्क जातात. उतरत्या भुजेतून पाणी बाहेर पडतं. चढत्या भुजेतून मीठ बाहेर पडतं, पण तिची भिंत पाण्याला वाटच देत नाही. मुलं हे हमखास उलटं लिहितात. पाठ करण्यापेक्षा आकडे मांडून बघा. लूपच्या तोंडाशी द्रव ३०० मिलिऑस्मोल (द्रव किती दाट आहे याचं माप), खोलवरच्या वळणावर १२०० पर्यंत, आणि वर येईतो १०० च्या आसपास, म्हणजे रक्ताहूनही पातळ! मीठ गेलं आणि पाणी आतच राहिलं, तरच हा १०० जुळतो. भुजांची अदलाबदल केलीत तर गणित तिथल्या तिथे फसतं.

एडीएच हे शरीरात पाणी राखणारं संप्रेरक. पण 'एडीएच पाणी ओढतं' हे वाक्य तर खोडूनच टाका. पाणी ओढणारा पंप किडनीत नाही. एडीएचमुळे शेवटच्या, संग्राहक नलिकेच्या पेशींत ॲक्वापोरिन-२ या प्रथिनाच्या, पाणी जाऊ देणाऱ्या वाटा खुल्या होतात, एवढंच. ओढ असते ती मेड्युलाच्या (किडनीच्या आतल्या भागाच्या) खारेपणाची, आणि त्यात चढत्या भुजेनं टाकलेल्या मिठाचा मोठा वाटा असतो (युरियाचाही). पटत नसेल तर फ्युरोसेमाइडचा विचार करा. हे औषध चढत्या भुजेतलं मीठ शोषण अडवतं. मग एडीएच भरपूर असलं तरी लघवी दाट होऊ शकत नाही.

अल्डोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक सोडियम परत आणतं, पोटॅशियम बाहेर घालवतं. पण त्यामुळे रक्तातलं सोडियमचं प्रमाण खूप वाढतं असं लिहू नका. सोडियममागून पाणीही साठतं, त्यामुळे वाढतो तो मुख्यतः द्रवाचा साठा आणि रक्तदाब. प्रमाण सांभाळायचं काम प्रामुख्यानं एडीएच आणि तहानेचं. म्हणूनच रक्तात सोडियम कमी दिसलं, तर 'मीठ कमी पडलं' असं लिहिण्याआधी पाणी जास्त झालंय का ते तपासा. बऱ्याचदा तेच झालेलं असतं.