सर्व्हेचे ड्रॉइंग रेव्हिटमध्ये आणल्यावर रेषा वाकड्या होतात तेव्हा

डिप्लोमा करून जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या ऑफिसात बीआयएमच्या (इमारतीचे माहितीसह त्रिमितीय मॉडेल बनवण्याच्या) कामाला लागलेल्यांच्या हाती सुरुवातीलाच येते ती सर्व्हेअरची डीडब्ल्यूजी फाइल, म्हणजे ऑटोकॅडचे ड्रॉइंग. ऑटोकॅडमध्ये ती स्वच्छ दिसते. रेव्हिटमध्ये, म्हणजे मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणली की कुंपणाच्या सरळ रेषेला करवतीसारखे दाते पडतात, विहिरीचे वर्तुळ चेंबते, हॅच (आकारात भरलेल्या बारीक रेषा) नाहीसे होते आणि झूम केले की रेषा जागच्या जागी थरथरतात. नवखी मुले अशा वेळी रेषा नव्याने ओढायला बसतात. ती मेहनत वाया जाते, कारण बिघाड बहुतेक वेळा रेषेत नसतो. ती रेषा शून्यापासून, म्हणजे ड्रॉइंगच्या ०,० या मूळबिंदूपासून, फार लांब पडलेली असते.

आता डीजीपीएसवर (उपग्रहांच्या मदतीने नेमकी जागा मोजणाऱ्या यंत्रावर) झालेला सर्व्हे बहुधा यूटीएम पद्धतीत येतो. या पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून जागा मीटरमध्ये सांगतात: पूर्वेकडचा आकडा ईस्टिंग, उत्तरेकडचा नॉर्दिंग. सगळा खानदेश झोन ४३ उत्तरमध्ये मोडतो. या झोनचे मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व, म्हणजे जवळजवळ चाळीसगावावरूनच जाते, आणि तिथे ईस्टिंग ५ लाख मीटर धरतात. म्हणून धुळे-नंदुरबारकडचे आकडे बहुतेक ५ लाखांच्या आत, जळगाव-भुसावळकडचे त्याच्या वर. नॉर्दिंग २२ ते २४ लाखांच्या घरात. हे आकडे तोंडपाठ असू द्या. फाइल उघडून 'आयडी' कमांडने कोणत्याही कोपऱ्यावर क्लिक केले की कळते: आकडे असे लाखांत असतील तर फाइल यूटीएमची. १०००, १००० किंवा ५०००, ५००० च्या आसपास असतील तर टोटल स्टेशनवाल्याने (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र वापरणाऱ्याने) मनाने धरलेले स्थानिक आकडे, आणि त्यात दूरपणाचा त्रास नाही. एक्सच्या जागी २३ लाख दिसले तर ईस्टिंग-नॉर्दिंगची अदलाबदल झाली आहे. असा प्लॉट आरशातल्यासारखा उलटा येतो, नुसता फिरवून जुळत नाही. सर्व्हेअरकडून फाइल नव्याने मागवणेच बरे.

आता दाते का पडतात ते नीट समजून घ्या. रावेरजवळ केळीच्या पॅकहाऊसची जागा धरू: ईस्टिंग ६ लाख ७ हजार, नॉर्दिंग २३ लाख ४९ हजार मीटरच्या आसपास. पडद्यावर चित्र काढताना संगणक ३२ बिटांचे आकडे वापरतो, आणि त्यात साधारण सात अंकच नेमके मावतात. २३ लाखांच्या आकड्यापाशी अशा दोन लगतच्या आकड्यांत पाव मीटरचे अंतर पडते, ६ लाखांपाशी सव्वासहा सेंटिमीटरचे. मधला बिंदू जवळच्या पायरीवर ढकलला जातो. उत्तर-दक्षिण २५ सेंटिमीटरची पायरी, पूर्व-पश्चिम ६ सेंटिमीटरची, आणि तिरप्या कुंपणाचा जिना तयार. (रेव्हिट आत फुटांत मोजते, त्यामुळे पायरीचे माप थोडे बदलते, कारण तेच.) म्हणूनच रेव्हिटमध्ये अंतर्गत मूळबिंदूपासून १६ किलोमीटरच्या आत काम ठेवायला सांगतात, आणि आयात फाइलचा पसारा २० मैलांपेक्षा मोठा असला की इशारा येतो. आपली जागा शून्यापासून दोन हजार किलोमीटरहून लांब आहे.

उपाय ऑटोकॅडमध्येच करायचा, फाइल आत नेण्याआधी. मूळ फाइल बाजूला ठेवा, प्रतीवर काम करा. आधी सगळे लेयर (ड्रॉइंगचे थर) चालू, थॉ (गोठवलेले मोकळे) आणि अनलॉक करा. ही पायरी गाळल्यानेच सर्वाधिक घोटाळे होतात: 'ऑल' म्हणून निवड केली तरी गोठवलेल्या आणि लॉक लेयरवरच्या वस्तू त्यात येत नाहीत. सगळे ड्रॉइंग हलते, त्या मात्र जुन्या जागी राहतात. मग फाइलचा पसारा हजारो किलोमीटर होतो आणि 'मी तर शून्यावर आणले होते' म्हणत माणूस डोके धरून बसतो. 'ऑडिट' चालवून चुका दुरुस्त करून घ्या, न वापरलेले लेयर-ब्लॉक काढायला 'पर्ज' करा, एकावर एक पडलेल्या रेषांसाठी 'ओव्हरकिल'. नंतर झूम एक्स्टेंट्स, म्हणजे सगळे ड्रॉइंग पडद्यावर मावेल असे झूम. प्लॉट पडद्यावर ठिपक्याएवढा दिसला तर कुठेतरी दूर एखादा भटका बिंदू, टेक्स्ट किंवा ब्लॉक पडला आहे. तो शोधून काढा. फाइल सिव्हिल थ्रीडीची (ऑटोकॅडवर आधारलेल्या सर्व्हे-रस्त्यांच्या सॉफ्टवेअरची) असेल तर आधी तिथूनच साध्या ऑटोकॅड वस्तूंमध्ये एक्स्पोर्ट करून मागा.

हलवण्यासाठी 'मूव्ह'पेक्षा 'डब्ल्यूब्लॉक' चांगला, कारण निवडलेलेच नव्या फाइलमध्ये जाते आणि कचरा मागे राहतो. यूसीएस (ड्रॉइंगचे अक्ष) वर्ल्डवर, म्हणजे मूळ अक्षांवर, आणा. जागेजवळचा पूर्ण आकडा निवडा, समजा ६०७०००, २३४९०००, आणि त्या बिंदूवर दोन छोट्या रेषांची फुली काढा. डब्ल्यूब्लॉकच्या खिडकीत बेस पॉइंट म्हणून हेच आकडे टाइप करा, झेड शून्य, एकक मीटर. निवडीत फुली घ्यायला विसरू नका. नव्या फाइलमध्ये ती बरोबर ०,०,० वर येते. मूव्हच वापरायचा असेल तर दुसरा बिंदू #०,०,० असा टाइप करा. डायनॅमिक इनपुट चालू असताना नुसते ०,० दिले तर 'होतो तिथून शून्य अंतर' असा अर्थ लागतो आणि काहीच हलत नाही.

एककाचा गोंधळ हे दुसरे मोठे कारण. 'युनिट्स' कमांडमध्ये 'युनिटलेस' दिसले तर सावध व्हा. मीटरमधले ड्रॉइंग मिलिमीटर समजून वाचले गेले तर ६० मीटरचा प्लॉट ६० मिलिमीटरचा होतो. त्यातला अर्ध्या मीटरचा तुकडा अर्धा मिलिमीटर उरतो, आणि रेव्हिट सुमारे ०.८ मिलिमीटरपेक्षा छोटी रेषा घेतच नाही. उलट झाले तर तोच प्लॉट ६० किलोमीटर पसरतो. आयात करताना एकक 'ऑटो-डिटेक्ट'वर न सोडता हाताने निवडा.

रेव्हिटमध्ये 'इंपोर्ट'ऐवजी 'लिंक कॅड' घ्या. पोझिशनिंगला 'ऑटो – ओरिजिन टू इंटर्नल ओरिजिन' निवडा. दूरची फाइल 'सेंटर टू सेंटर'ने आणायची वाट अनेकजण दाखवतात, पण फाइलचा स्वतःचा शून्यबिंदू तितकाच लांब राहतो, म्हणून दोष कधी जातो, कधी राहतो. आम्ही ती सुचवणार नाही. फक्त प्लॅनखाली ठेवायचे असेल तर 'करंट व्ह्यू ओन्ली'ला टिक करा. काँटूरवरून (समान उंचीच्या रेषांवरून) जमीन बनवायची असेल तर ती टिक नको आणि काँटूरची झेड उंचीही शाबूत हवी. प्लॅनच्या वेगळ्या फाइलवर मात्र उंची शून्य करणारा 'फ्लॅटन' चालवा.

त्याच खिडकीत एक टिक आधीपासून लागलेली असते: 'करेक्ट लाइन्स दॅट आर स्लाइटली ऑफ अ‍ॅक्सिस'. अक्षापासून ०.१ अंशाच्या आत झुकलेली रेषा ती सरळ करून टाकते. इमारतीच्या भिंतींना हे उपयोगी. प्लॉटच्या हद्दीला घातक, कारण १२० मीटर लांबीवर ०.१ अंश म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर. शेजारच्या गटाची हद्द एवढी सरकली तर साइटवर भांडण होऊ शकते. सर्व्हेच्या फाइलला ही टिक काढा.

लिंक झाल्यावर प्लॉटचे दोन्ही कर्ण ऑटोकॅडमध्ये आणि रेव्हिटमध्ये मोजा. मिलिमीटरपर्यंत जुळले पाहिजेत. मग खरे आकडे परत द्यायचे: मॅनेज, कोऑर्डिनेट्स, 'स्पेसिफाय कोऑर्डिनेट्स अ‍ॅट पॉइंट', फुलीवर क्लिक, आणि उत्तर २३४९००० मीटर, पूर्व ६०७००० मीटर. प्रोजेक्टचे एकक मिलिमीटर असले तरी आकड्यापुढे मीटरचे अक्षर जोडले की चालते. मॉडेल शून्याजवळच राहते, आणि शेअर्ड कोऑर्डिनेट्सने (याच खऱ्या आकड्यांनी) एक्स्पोर्ट केलेली फाइल सर्व्हेअरच्या ड्रॉइंगवर बरोबर बसते.

लिंकऐवजी 'इंपोर्ट'ने आणलेले ड्रॉइंग 'एक्स्प्लोड' करू नका, म्हणजे सुट्या रेषांत फोडू नका. शेकडो फालतू लाइन स्टाइल मॉडेलमध्ये साचतात, आणि १०,००० पेक्षा जास्त वस्तू असतील तर रेव्हिट ते करतच नाही.

निवडलेला पूर्ण आकडा प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणि शीटवरही लिहून ठेवा. हद्दीचा वाद निघाला, फेरमोजणी झाली की सर्व्हेअर सुधारित फाइल पाठवतो, आणि नेमका एखादा कोपराच दहा-पंधरा सेंटिमीटर सरकलेला असतो. कोपऱ्यावर क्लिक करून फाइल शून्यावर आणली असेल तर तो बदल सगळ्या ड्रॉइंगमध्ये मिसळून जातो. तेच आकडे टाइप करून नवी फाइल काढली तर दोन्ही एकमेकांवर बसतात आणि कोणता कोपरा किती हलला ते लगेच मोजता येते.